युद्धनौकेचं टपाल कसं जमवावं : तिकीट नव्हे, अख्खं पाकीट

सगळ्यात आधी कात्री बाजूला ठेवा. आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेत तिकिटं जमवायला सुरुवात केली ती पाकिटाचा कोपरा कापून, वाटीभर पाण्यात भिजवून आणि सुटलेलं तिकीट वर्तमानपत्रावर वाळवून. आत्याचे यजमान आरमारात होते. त्यांची घरी आलेली पत्रं मी चौथीत असताना अशीच कापली. तिकिटं उरली, पण ती कुठल्याही रद्दीत सापडतील अशी साधी होती. पत्ता, शिक्का, तारीख, पाठवणाऱ्याचा हुद्दा, जे जे पुन्हा मिळणार नव्हतं ते सगळं केराच्या टोपलीत गेलं. त्याची हळहळ अजून जात नाही.

युद्धनौकेच्या टपालात तिकिटाला फारसा अर्थ नसतो. पत्र कुठून निघालं, कोणत्या दिवशी निघालं, कोणाच्या हातून गेलं आणि कोणत्या दारात पोचलं, या प्रवासाचा पुरावा म्हणजे तो कागद. तो अख्खाच जपायचा.

जहाजाचं नाव शिक्क्यावर शोधू नका

नवीन माणूस पहिल्यांदा इथेच चुकतो. त्याला वाटतं, विक्रांत या विमानवाहू नौकेवरचं पत्र म्हणजे शिक्क्यावर ‘विक्रांत’ असणार. अमेरिकेत तसं असायचं. तिथे १९०८ पासून युद्धनौकांवर टपाल कार्यालयं सुरू झाली, शिक्क्यावर जहाजाचं नाव येई आणि शिक्क्याच्या आडव्या पट्ट्यांमध्ये बंदराचं किंवा प्रसंगाचं नावही घालत. त्यातूनच तिथे हा छंद वाढला आणि १९३२ मध्ये अशा संग्राहकांची स्वतंत्र संस्था उभी राहिली. पण दुसऱ्या महायुद्धात त्यांनीही शिक्क्यावरून जहाजाची नावं काढून टाकली. ब्रिटिश आरमाराच्या टपालावर ‘रिसीव्हड फ्रॉम एच. एम. शिप्स’ किंवा ‘पोस्ट ऑफिस मेरिटाइम मेल’ असे मोघम शिक्के आणि सोबत सेन्सॉरचा शिक्का दिसतो.

आपल्याकडे जहाजाचं टपाल किनाऱ्यावरच्या फ्लीट मेल ऑफिसमार्फत, म्हणजे नौकांचं टपाल हाताळणाऱ्या कार्यालयामार्फत जातं-येतं. नौसैनिकाच्या पत्त्यात त्याचं नाव, क्रमांक, हुद्दा, जहाजाचं नाव आणि पुढे ‘केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस’ एवढंच असतं. जहाज त्या दिवशी कुठल्या समुद्रात आहे हे ना पत्ता सांगतो, ना शिक्का. सैनिकी टपालाच्या शिक्क्यावर गावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर किंवा ५६ एपीओ, ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) अशी अक्षरं येतात. म्हणून जहाजाचं नाव शोधायचं ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यात, पाकिटाच्या मागे मारलेल्या जहाजाच्या रबरी शिक्क्यात किंवा आतल्या मजकुरात. पाकीट कापलं की हे तिन्ही पुरावे एकदम जातात.

एवढी गुप्तता कशासाठी, हे १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या एका घटनेवरून कळतं. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतच्या मागावर बंगालच्या उपसागरात आली होती. विक्रांत अंदमानकडे सुरक्षित हलवलेली होती, पण ती विशाखापट्टणमच्या आसपासच आहे असं शत्रूला भासवायचं होतं. मग आयएनएस राजपूत या नौकेने विक्रांतचं सोंग घेतलं. मुद्दाम उघडपणे पाठवलेल्या संदेशांत विक्रांतवरच्या एका खलाशाची खासगी तारही होती, आजारी आईची विचारपूस करणारी. ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यान गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. आईच्या चौकशीची एक तारसुद्धा जहाजाचा पत्ता फोडू शकते, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. हे ध्यानात ठेवून शिक्क्यावरचा नंबर पाहिला की तो रुक्ष वाटत नाही.

एकच जहाज निवडा

‘भारतीय नौदल’ असा विषय घेतलात तर दहा वर्षांनीही संग्रहाला आकार येणार नाही. एक जहाज घ्या आणि त्याची कुंडली मांडा. मी विक्रांत घेतली, कारण तिच्या आयुष्याचे टप्पे स्पष्ट आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर टपाल निघालेलं असण्याची शक्यता आहे. ब्रिटिशांनी ‘हर्क्युलिस’ म्हणून बांधायला घेतलेलं हे जहाज भारताने १९५७ मध्ये विकत घेतलं. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये ते नौदलात दाखल झालं. म्हणजे तिथे असलेल्या आपल्या नौसैनिकांची घरी आलेली पत्रं ब्रिटिश तिकिटांची आणि बेलफास्टच्या शिक्क्याची असू शकतात. रद्दीवाला ती ‘फॉरेन’च्या डब्यात टाकून मोकळा होतो, तेव्हा तो डबाही चाळा. त्याच वर्षी अखेरीला गोवा मुक्तीच्या वेळी विक्रांत किनाऱ्याजवळ गस्तीवर होती. ४ डिसेंबर १९७१ पासून तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्सबाजार आणि चितगाव परिसरात हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, मग २०१२ पर्यंत मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून राहिली. तिच्या डेकवर उभं राहून फोटो काढलेली पुण्यातली कितीतरी कुटुंबं मला माहीत आहेत. २०१४ मध्ये मुंबईत दारूखाना या जहाजं मोडण्याच्या भागात ती भंगारात निघाली. २ सप्टेंबर २०२२ ला त्याच नावाची नवी नौका कोचीत दाखल झाली.

या तारखा एका कागदावर उतरवून तो कागद खिशात घेऊन फिरा. बाजारात समोर पत्र आलं की निर्णय मिनिटाभरात घ्यावा लागतो. त्या वेळी मोबाइल चाळत बसलात तर विक्रेत्याला तुमची गरज कळते आणि भाव चढतो.

युद्धातल्या इतर नौकाही निवडता येतील. कराचीवरच्या ४ डिसेंबरच्या हल्ल्यातल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका घ्या, किंवा खुकरी घ्या. पण खुकरीच्या बाबतीत एक पथ्य पाळा. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ती बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या आठवड्यातलं खुकरीचं पत्र कधी हाती आलंच, तर ते कोणाच्या तरी घरी आलेलं शेवटचं पत्र असू शकतं. भावाची बोलणी करण्याआधी त्या घराचा शोध घ्या.

पुण्यात कुठे शोधाल

पहिली जागा म्हणजे घर. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी १९४५ पासून आहे, खडकवासल्याला एनडीए आहे, आणि निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालेले नौदलातले लोक पुष्कळ आहेत. माळ्यावरची ट्रंक, विम्याच्या कागदांची पिशवी, लग्नाच्या अल्बमच्या मागचा कप्पा, इथे पत्रं असतात. घर रिकामं करताना ‘ही जुनी कागदं’ म्हणून ती किलोच्या भावाने जातात. सोसायटीच्या ग्रुपवर वर्षातून एकदा ‘जुनी पत्रं रद्दीत टाकण्याआधी मला दाखवा’ एवढं लिहून ठेवा. मला सगळ्यात चांगली पत्रं अशीच मिळाली.

दुसरी जागा रविवारचा आणि बुधवारचा जुना बाजार. तिथे नाणी-तिकिटांच्या पथाऱ्यांपेक्षा जुनी पुस्तकं आणि कागद विकणाऱ्यांकडे आधी जा. तिकीटवाला माल निवडून, कापून मांडतो. कागदवाल्याकडे सुतळी बांधलेला गठ्ठा असतो आणि एका घरची पत्रं अजून एकत्र असतात. गठ्ठा फोडायला लावू नका, शक्य असेल तर अख्खा घ्या. एकट्या पत्राला जे सांगता येत नाही ते शेजारचं पत्र सांगतं.

तिसरी जागा प्रदर्शनं. टपाल खात्याचं जिल्हा पातळीवरचं पुणेपेक्स आणि राज्य पातळीवरचं महापेक्स भरतं तेव्हा विक्रेते येतात, शिवाय इतरांनी चौकटीत मांडलेले संग्रह बघता येतात. ऑनलाइन लिलावातून मी फक्त तेव्हाच घेतो, जेव्हा पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो दिलेले असतात. मागची बाजू दाखवायला टाळाटाळ झाली की विषय तिथेच संपवावा.

पत्र वाचायचं कसं

माझ्याकडच्या दोन पत्रांवरून दाखवतो. दोन्ही जुन्या बाजारातल्या एकाच गठ्ठ्यातली.

पहिलं जहाजावरून आलेलं आंतरदेशीय पत्र. समोर निळ्या शाईच्या पेनाने सदाशिव पेठेतला पत्ता आणि शेवटी ‘पूना ३०’. शिक्का फील्ड पोस्ट ऑफिसचा, अर्धाच उमटलेला, पण नंबरातले दोन आकडे आणि ‘जाने ७२’ वाचता येतं. मागे पुण्यातला बटवड्याचा शिक्का. आत, तारखेच्या वर जिथे आपण गावाचं नाव लिहितो, तिथे त्याने नुसतं ‘जहाजावरून’ लिहिलंय. खाली साडेतीन ओळी खुशालीच्या आणि बाकी पानभर धाकट्या भावाच्या एसएससीची काळजी.

दुसरं पत्र उलट दिशेचं, घरून जहाजाकडे गेलेलं. शिक्का पुण्याचा, डिसेंबर १९७१. पंधरा पैशांच्या छापील आंतरदेशीय पत्रावर वेगळं पाच पैशांचं तिकीट चिकटवलेलं आणि त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असं जादा छापलेलं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा अधिभार लावला होता आणि तो १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत चालला. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ही अक्षरं छापली, छापील साठा पुरेना म्हणून अनेक शहरांत स्थानिक पातळीवर रबरी शिक्का मारूनही काम भागवलं, आणि १ डिसेंबरला स्वतंत्र तिकीट निघालं. लढाई पेटलेली असताना सदाशिव पेठेतल्या कोणीतरी पाच पैसे जास्त भरून मुलाला पत्र टाकलं, आणि त्याने ते जपून परत घरी आणलं. माझ्या संग्रहात याहून मोलाचा कागद नाही.

आता खऱ्या-खोट्याची पारख. १९७१ च्या पत्रासाठी मी पुढच्या क्रमाने बघतो.

पहिली नजर पिनकोडवर. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. युद्धाच्या महिन्यातल्या पत्रावर मूळ अक्षरात सहा आकडी पिन असेल तर ते पत्र खाली ठेवा. एका विक्रेत्याने मला विक्रांतचं ‘युद्धकाळातलं’ पाकीट म्हणून जे दिलं होतं, त्यावर पत्त्याच्याच शाईत ४११००४ लिहिलेलं होतं. घरी येऊन दिव्याखाली धरेपर्यंत माझ्या ते लक्षात आलं नाही. पुण्यात त्याआधी विभागाचे आकडे होते, पूना २, पूना ४, पूना ३० असे. पुढे तेच पिनकोडच्या शेवटी जाऊन बसले.

दुसरी नजर गावाच्या नावावर. १९७१ च्या इंग्रजी शिक्क्यात ‘पूना’ आणि ‘बॉम्बे’च हवं. तिसरी टपालदरावर: त्या वेळी पोस्टकार्ड दहा पैसे, आंतरदेशीय पत्र पंधरा, बंद पाकीट वीस. अधिभाराचं तिकीट नाही म्हणून पत्र लगेच खोटं ठरवू नका, काही प्रकारच्या टपालाला सूट होती. पण दर आणि अधिभार दोन्ही जुळले तर विश्वास वाढतो.

चौथी गोष्ट भिंग घेऊन बघायची. शिक्का तिकिटावरून सरळ पाकिटावर उतरलेला हवा आणि शाईची रेघ काठावर तुटता कामा नये. तिकिटावर अर्धवर्तुळ आहे आणि बाजूच्या कागदावर त्याचं काहीच नाही, म्हणजे तिकीट दुसरीकडून आणून चिकटवलंय. आणि पाचवी, जहाजाचा रबरी शिक्का. जुनी शाई कागदात मुरून मागच्या बाजूला किंचित उमटते, परवा मारलेली शाई पृष्ठभागावर बसल्यासारखी दिसते. एवढ्यावरून पैजेने सांगता येत नाही, पण शंका यायला पुरेसं असतं.

स्मारक टपाल : विकत घ्यायचं आणि स्वतः करायचं

युद्धातली मूळ पत्रं थोडी, त्यामुळे संग्रहाचा बराच भाग नंतरच्या स्मारक आवरणांचा, म्हणजे एखाद्या प्रसंगानिमित्त खास छापलेल्या पाकिटांचा असतो. दोन्हींची पानं मात्र वेगळी ठेवा. १९९७ चं आवरण १९७१ च्या पत्राशेजारी लावलं की बघणाऱ्याचा गोंधळ होतो.

साधू वासवानी चौकाजवळच्या मुख्य टपाल कार्यालयात फिलाटेली ब्युरो, म्हणजे तिकीटसंग्राहकांसाठीचा विभाग आहे. तिथे २०० रुपये भरून फिलाटेलीचं ठेव खातं उघडता येतं आणि मग नवी तिकिटं, प्रथम दिवस आवरणं, माहितीपत्रकं तुमच्या मागणीप्रमाणे येत राहतात. जुन्यांपैकी १२ फेब्रुवारी १९८४ ला राष्ट्रपतींच्या नौदल निरीक्षणानिमित्त निघालेला चार तिकिटांचा संच विक्रांतच्या संग्रहात हवाच. त्याची प्रथम दिवस आवरणं सहज मिळतात.

आर्मी पोस्टल सर्व्हिसची विशेष आवरणं हा या छंदाचा सगळ्यात समृद्ध भाग. नावात आर्मी असलं तरी नौदलाच्या प्रसंगांचीही आवरणं ते काढतात. नौका दाखल होणं, निवृत्त होणं, वर्धापनदिन, अशा प्रसंगी त्यांची आवरणं निघतात. त्यावर नौकेचं बोधचिन्ह छापलेलं असतं, शिक्का सैनिकी टपालाचा असतो आणि आत माहितीचं कार्ड असतं. जुनं आवरण घेताना कार्ड आहे का ते आधी बघा. जहाजाचा इतिहास, कप्तान, मोहिमा हे सगळं त्या कार्डावर असतं, आणि नेमकं तेच हरवलेलं असतं.

स्वतः आवरण करायचं असेल तर ४ डिसेंबर, म्हणजे नौदल दिन, सोडू नका. आठवडाभर आधी नौदलावरचं तिकीट मिळवा. जाडसर, साधं पांढरं पाकीट घ्या, डावीकडे बोधचित्रासाठी जागा ठेवा, स्वतःचा पत्ता उजवीकडे खाली लिहा. आत पोस्टकार्डाइतका जाड कागद सरकवा, नाहीतर शिक्का मारताना पाकीट दबून शाई फुटते. टपालदर पूर्ण भरा. मग पेटीत न टाकता काउंटरवर सकाळी, गर्दी नसताना जा आणि ‘हाताने, स्वच्छ शिक्का मारून द्याल का? संग्रहासाठी हवाय’ असं सरळ विचारा. शिक्का चौथ्या भागापेक्षा जास्त तिकिटावर न जाता पाकिटावर पूर्ण गोल उमटावा अशी विनंती करा. मी प्रत्येक वेळी तीन पाकिटं नेतो. एक तरी मनासारखं उमटतं. ते टपालानेच घरी येऊ द्या, म्हणजे पोचीचा मागही राहतो. स्पीड पोस्टने पाठवलंत तर बारकोडची चिठ्ठी मागच्या बाजूला लावायला सांगा.

चालू नौकांवरच्या लोकांना पत्र पाठवून जहाज कुठे आहे ते विचारू नका, शिक्क्यासाठी गळ घालू नका. त्यांना उत्तर देता येत नाही आणि नकार द्यायचा संकोच होतो.

पुण्याच्या पावसात जपणूक

जून ते सप्टेंबर हा कागदाचा शत्रू. तांबूस ठिपके पडतात, इनलँडच्या घडीवर बुरशी येते, कसर लागते. पत्रं पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नव्हे. पीव्हीसी काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढतं. लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल यांना हातही लावू नका. अल्बम उभे ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या पावसाळ्यात दोनदा बदला. डांबरगोळ्या नकोत. आजी ठेवायची तसा कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर पूर्ण वाळलेला, कापडी पुरचुंडीत, कागदाला न लागेल असा. इनलँड पुन्हा पुन्हा उघडू नका. एकदा उघडून दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि पुढे स्कॅनवरच काम करा. पत्रावर काहीही लिहायचं झालं तर पेन्सिलने, मागच्या कोपऱ्यात.

दुसऱ्या महायुद्धातली पत्रं असतील तर कायद्याचं भान ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे लेख पुरावस्तू ठरू शकतात आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी खरेदीदाराला हो म्हणण्याआधी चौकशी करा.

पान मांडताना

प्रदर्शनाच्या एका चौकटीत ए-फोर आकाराची १६ पानं बसतात. एवढ्या जागेत जहाजाचं आयुष्य बसवायचं म्हटलं की काय गाळायचं ते आपोआप कळायला लागतं. प्रत्येक पत्राखाली चार गोष्टी लिहा: तारीख, शिक्क्यावर प्रत्यक्ष वाचता येतं ते, भरलेलं टपाल आणि त्या दिवशी जहाज काय करत होतं. शेवटची गोष्ट पक्की माहीत नसेल तर ती ओळ कोरी सोडा. मजकूर दाखवताना नाव आणि घराचा पत्ता झाका. तो संसार दुसऱ्याचा आहे, आणि भावाच्या एसएससीची काळजी चारचौघांत टांगण्यासाठी लिहिलेली नव्हती.

आणि हे सगळं सुरू असतानाच, ओळखीत नौदलातून निवृत्त झालेलं कोणी असेल तर त्यांच्याकडे जा. आता ऐंशीच्या घरातली माणसं आहेत ती. टेप लावून ‘युद्धाबद्दल सांगा ना काका’ असं म्हणू नका. एक पाकीट त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. सदाशिव पेठेतलं ते पत्र मी एका काकांच्या हातात दिलं, तेव्हा ते बराच वेळ त्यावरचं ‘जहाजावरून’ वाचत राहिले. मग म्हणाले, “टपालाची थैली वर आली की आम्ही जेवण सोडून पळायचो. ज्याचं पत्र नसेल त्याला दुसरा कोणीतरी आपलं वाचायला द्यायचा.” त्या पानाखाली आता मी हेच वाक्य लिहून ठेवलंय, त्यांना विचारून.